वाईट दिवशी तुम्ही गप्प बसता, तेच त्याला ऐकू येतं

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचे साताऱ्याचे. आमचा मुलगा (खरं नाव नको, सोहम म्हणा) 22 वर्षांचा आहे. कॉलेजचं तिसरं वर्ष संपल्यावर बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये पिचर म्हणून त्याची निवड झाली. पहिला सीझन छान गेला. यंदा हाय-ए मध्ये (मेजर लीगच्या तीन पायऱ्या खाली) सुरुवात केली आणि मे महिन्यापासून त्याचा कंट्रोलच गेला. एका मॅचला तर 1.2 इनिंगमध्ये पाच वॉक (चार बॉल बाहेर गेले की फलंदाजाला फुकट बेस)! बुलपेनमध्ये (सरावाच्या जागी) म्हणे सगळं व्यवस्थित पडतं, मॅचमध्ये गेला की हात ऐकत नाही. मागच्या आठवड्यात त्याला फ्लोरिडाला संघाच्या ट्रेनिंग कॉम्प्लेक्समध्ये पाठवून दिलं. त्याचे बाबा म्हणतात, पुरे झालं, परत ये, डिग्री पूर्ण कर. फोनवर ते त्याला "लाइन-लेंग्थ पकड" सांगतात आणि तो फोन ठेवून देतो. मी प्रत्येक मॅच लॅपटॉपवर बघते. चांगली झाली की लगेच मेसेज करते. वाईट झाली की काहीच बोलत नाही, उगाच जखमेवर मीठ नको. सासूबाईंनी साताऱ्याहून अंगारा पाठवलाय. त्याला परत बोलवावं का? निदान भेटायला तरी जावं का?

एक आई

उत्तर

प्रिय आई,

इनिंगला तीन आउट, टिंबापुढचे आणखी दोन; 1.2 इनिंग म्हणजे पाच आउट. पाच वॉक तुम्ही मोजून लिहिलेत, पाच आउट मात्र त्या टिंबाच्या आड राहून गेले. टोमणा मारत नाही हो. मीही याच रांगेतली आहे.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा असताना लिटल लीगमध्ये माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) पिचिंग करायचा. मी जाळीला नाक लावून उभी असायचे आणि दर बॉलला श्वास रोखायचे. आरडाओरडा करणाऱ्या आयांपैकी मी नव्हते, याचा मला केवढा अभिमान! पुढच्या वर्षी त्यानं पिचिंग सोडलं, फर्स्ट बेसला उभा राहायला लागला. का सोडलं, ते त्यानं वीस वर्षांनी, स्वतःला मुलगी झाल्यावर, भांडी घासता घासता सांगितलं. म्हणाला, "आई, तू ओरडायची नाहीस, पण बॉल बाहेर गेला की जाळीवरची तुझी बोटं पांढरी पडायची. मला माउंडवरून दिसायचं." मी हातातला कप तसाच नळाखाली धरून उभी.

म्हणून तुमच्या पत्रातलं ते "वाईट झाली की काहीच बोलत नाही" मला टोचलं. सोहमच्या बाजूनं बघा. रात्री दहाला मॅच संपते. चांगली झाली असेल तर त्याची बस निघायच्या आत तुमचा मेसेज आलेला असतो. वाईट झाली की फोन गप्प. तुम्ही मॅच बघता हे त्याला पक्कं माहीत आहे. मग त्या गप्प बसण्याचा अर्थ तो काय लावत असेल? मीठ नको म्हणून तुम्ही हात आखडता आणि नेमकं तेच मीठ होतं.

उपाय सोपा आहे, पण पाळायला अवघड. मेसेज रोज करायचा, एकाच वेळी करायचा आणि मॅचबद्दल करायचा नाही. सकाळी दूध उतू गेलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं तुळस उकरली, बाबा पुन्हा चष्मा शोधताहेत. जिंकला तरी तेच, हरला तरी तेच. पंधरा दिवसांत त्याला कळेल की घरचं हवामान त्याच्या स्कोअरवर अवलंबून नाही. आणि त्याच्या मॅचेस लाइव्ह बघणं महिनाभर बंद. जमणार नाही म्हणाल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर आकडे बघा हवं तर, पण मॅच चालू असताना लॅपटॉप मिटायचा.

आता फ्लोरिडाकडे वळू. तुम्ही "पाठवून दिलं" असं लिहिलंत, जसं काही शाळेतून काढून टाकलं. प्रत्येक क्लबला अमेरिकेतल्या आपल्या मायनर लीगच्या यादीत जास्तीत जास्त 165 खेळाडू ठेवता येतात. पूर्वी हा आकडा 180 होता, 2024 पासून तो कमी झाला. यादी आक्रसली की नारळ देणं सोपं होतं आणि दर वर्षी कित्येक पोरांना तो मिळतोच. तुमच्या मुलाला नारळ मिळालेला नाही, त्याला दुरुस्तीला घेतलंय. कॉम्प्लेक्समध्ये मॅचेस बहुतेक दिवसा उन्हात, मागच्या मैदानांवर होतात. ना तिकीट, ना गर्दी, ना स्कोअरकडे डोळे लावून बसलेलं गाव. गळा बसलेल्या गायकाच्या मैफली बंद करून गुरुजी त्याला पहाटे खर्ज लावायला बसवतात, तसलाच प्रकार आहे हा.

रॉय हॅलडेची गोष्ट सोहमला नक्की माहीत असणार. ही तुमच्यासाठी आणि विशेषतः त्याच्या बाबांसाठी. टोरंटो ब्लू जेजचा हा पिचर. सप्टेंबर 1998 मध्ये आपल्या कारकिर्दीतल्या दुसऱ्याच स्टार्टला (स्वतः सुरुवात केलेल्या मॅचला) तो नो-हिटरपासून (अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट न देण्यापासून) फक्त एका आउटवर होता. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर होमरन बसला. वय 21. सगळे म्हणाले, पोरगा मोठा होणार. दोन वर्षांनी, 2000 च्या सीझनमध्ये त्याचा ईआरए होता 10.64. म्हणजे नऊ इनिंगमागे दहाच्या वर रन, तेही थेट त्याच्या खात्यावर. मेजर लीगमध्ये एका सीझनला 50 च्या वर इनिंग टाकून इतका वाईट आकडा तोवर कुणाचाच नव्हता.

2001 च्या सुरुवातीला क्लबनं त्याला एक पायरी खाली आणलं नाही. थेट तीन पायऱ्या खाली, फ्लोरिडात डनीडनच्या ए लेव्हल संघात नेऊन बसवलं. मेजर लीगमध्ये खेळून आलेला माणूस विशीच्या पोरांबरोबर बसमधून फिरतोय, डोळ्यांपुढे आणा. तिथे मेल क्वीन नावाच्या जुन्या कोचनं त्याचा हात सोडवला. हॅलडेचा हात अगदी वरून, घड्याळात बारा वाजल्यासारखा यायचा. फास्टबॉल जोराचा, पण सरळसोट, फलंदाजाला आयताच. क्वीननं तो हात खाली, तिरका करायला लावला. बॉलचा वेग फारसा गेला नाही, पण बॉल शेवटच्या क्षणी वळायला, बुडायला लागला. त्याच काळात त्याच्या बायकोनं त्याला पिचरच्या मनावरचं एक पुस्तक आणून दिलं, ते त्यानं पारायण केल्यासारखं वाचलं. डनीडन, मग एकेक पायरी वर: डबल-ए, मग सिराक्यूसला ट्रिपल-ए, आणि जुलैत पुन्हा टोरंटो. 2003 मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार, 2010 मध्ये फिलाडेल्फियाकडून दुसरा. त्याच 2010 मध्ये 29 मे रोजी परफेक्ट गेम (एकही फलंदाज बेसवर पोचला नाही) आणि ऑक्टोबरमध्ये प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या किताबाच्या सामन्यांत) नो-हिटर.

इथे थांबले तर गोष्ट गोड होते. पण हाच हॅलडे 2017 मध्ये आपलं छोटं विमान चालवताना अपघातात गेला. त्याला किती चिंता लागून राहायची, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन कसं लागलं, हे त्याच्या पत्नीनं पुढे जाहीरपणे सांगितलं. म्हणजे सूर परत मिळाला, ट्रॉफ्या आल्या, तरी आतलं दुखणं राहिलंच. हे घाबरवायला लिहिलेलं नाही. तुम्ही मला त्याचा कंट्रोल कसा गेला ते सगळं लिहिलंत. तो जेवतो का, झोपतो का, हे पत्रात कुठेच नव्हतं, म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट रिक अँकिएलची. ती बाबांना वाचून दाखवा. सेंट लुईसचा डावखुरा पिचर, वय 21. 3 ऑक्टोबर 2000 रोजी अटलांटाविरुद्धच्या प्लेऑफ मॅचमध्ये तिसऱ्या इनिंगला त्याच्या हातून पाच वाइल्ड पिच (कॅचरलाही न अडवता येणारे भरकटलेले बॉल) गेले. एकाच इनिंगमध्ये पाच! शंभर वर्षांत कुणाचं असं झालं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला मेम्फिसच्या खालच्या संघात पाठवलं, तिथे आणखी बिनसलं. मग अगदी खाली, जॉन्सन सिटीच्या रूकी (नवशिक्यांच्या) लीगमध्ये. तिथे मात्र काय टाकलंय त्यानं! 87.2 इनिंगमध्ये 158 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). तरीही मेजर लीगमधला जुना अँकिएल पिचर म्हणून परत आला नाही. मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि 2005 मध्ये त्यानं पिचिंगच सोडलं. मग बॅट धरली, पुन्हा तळापासून चढला आणि ऑगस्ट 2007 मध्ये आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) म्हणून सेंट लुईसला परतला. पहिल्याच मॅचला होमरन.

सोहमचा हॅलडे होईल, अँकिएल होईल की तो आणखी तिसऱ्याच वाटेनं जाईल, हे ना मला ठाऊक, ना त्याच्या कोचला.

"बुलपेनमध्ये पडतं, मॅचमध्ये पडत नाही" म्हटलं की लोक लगेच "डोक्यात आहे" म्हणून मोकळे होतात. असेलही. पण त्याआधी एक प्रश्न त्याला सरळ विचारा: कोपर आतल्या बाजूला दुखतं का? करंगळीत, शेजारच्या बोटात मुंग्या येतात का? पिचर दुखणं लपवतात. ही जात सगळीकडे सारखी, सांगितलं तर जागा जाईल ही भीती. बुलपेनमध्ये बॉल सांभाळून टाकता येतो, मॅचमध्ये पूर्ण जोर लावावा लागतो, आणि कधी कधी कोपराच्या आतला तो लिगामेंट कुरकुरायला लागला की दुखण्याच्या आधी नेम जातो. दुखत असेल तर आजच ट्रेनरला सांगायचं, उद्या नाही. त्या लिगामेंटच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेचं नाव ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. पण ज्या पिचरच्या नावानं ती ओळखली जाते, तो 1974 ला टेबलावर गेला, 1976 ला परतला आणि त्यानंतर 164 मॅचेस जिंकला. हल्ली परतायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं. लपवलं तर जास्त.

हात ठीक असेल, तर मग मन. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की माणसं आवाज खाली घेतात. तुम्ही घेऊ नका. क्लबकडे या कामासाठी माणसं असतात. त्यांच्याशी बोललेलं वरपर्यंत पोचेल अशी शंका सोहमला येत असेल, तर बाहेरचा थेरपिस्ट शोधायला मदत करा, आणि फी तुम्ही भरा. "अरे त्यात काय, जरा रिलॅक्स हो" हे मात्र त्याला कुणीही, अगदी कुणीही सांगू नये.

आता बाबा. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की बेसबॉलमध्ये लेंग्थ नसते. बॉलचा टप्पा पडून तो कॅचरच्या हातून निसटला, तर बेसवरचा माणूस पळायला लागतो आणि त्याला वाइल्ड पिच म्हणतात! उरली लाइन. माउंडपासून प्लेट (फलंदाजापाशी जमिनीत बसवलेली पाटी) 60 फूट 6 इंच लांब, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षाही कमी. प्लेट 17 इंच रुंद. बॉल हातातून सुटताना एका अंशानं जरी दिशा चुकली, तरी प्लेटपाशी पोचेपर्यंत तो जवळजवळ फूटभर सरकलेला असतो. मधोमध जाणारा बॉल तेवढ्यानं बाहेर. एक अंश! तो दुरुस्त करायला पुढचा खांदा आधी उघडतोय का, पाय कुठे पडतोय, हात उशिरा येतोय का, हे शोधावं लागतं. "स्ट्राइक टाक" म्हणणं म्हणजे सुरात न लागलेल्याला "सुरात गा" म्हणणं. त्याला ते माहीतच आहे, तेच तर दुखणं आहे.

आमच्या घरापासून न्यू जर्सीतलं ब्रिजवॉटर जवळ. बालाजी मंदिरात जायचं, कँटीनमध्ये डोसा खायचा आणि संध्याकाळी सॉमरसेट पेट्रियट्सची मॅच, असा आमचा उन्हाळ्यातला नेम आहे. (2021 पासून हा यँकीजचा डबल-ए संघ आहे.) एकदा मॅचच्या आधी मी कुंपणापाशी उभी राहून एका पोराचा बुलपेन बघत होते. पंचवीस-एक बॉल टाकले असतील त्यानं. कोच छातीशी टॅब्लेट धरून बाजूला उभा. पहिले दहा-बारा बॉल तो एक अक्षर बोलला नाही. दोन तर कॅचरच्या डोक्यावरून गेले, तरी नाही. मग पुढे झाला, पोराच्या ग्लोव्हच्या हाताला दोन बोटं लावली, तो हात छातीजवळ आणून दाखवला आणि मागे सरला. पुढचे सगळे बॉल काही नीट पडले नाहीत. पण पोराचा चेहरा बदलला होता. त्याला करण्यासारखी एक गोष्ट मिळाली होती. आमचे हे मागून म्हणाले, "याला पगार बोलायचा नाही, गप्प बसण्याचा मिळतो."

सोहमकडे असा माणूस आहे. बाबांनी दुसरा कोच व्हायची गरज नाही. त्यांना फोनवर बोलायचंच असेल तर गाडीचं विचारावं, टॅक्सचं विचारावं, घराच्या गटारीत पानं अडकलीत ते सांगावं.

डिग्रीची त्यांची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. 2023 च्या करारात हाय-ए मधला किमान पगार वर्षाला 27,300 डॉलर ठरला, कॉम्प्लेक्स पातळीवर 19,800. हासुद्धा आधीपेक्षा सुधारलेला. एडिसनमध्ये बसून ऐकलं तर कुणाच्याही बापाला घाम फुटेल. पण घाई करण्याआधी त्याचा सही केलेला करार काढून वाचा. कॉलेज अर्धवट सोडून येणाऱ्या पुष्कळ खेळाडूंच्या करारात उरलेल्या शिक्षणाचे पैसे लिहून घेतलेले असतात, आणि खेळ सोडल्यापासून ठरावीक मुदतीत शिकायला सुरुवात करावी लागते. तसं असेल तर ते एक वर्ष कुठे पळून जात नाही. उलट आज ओढून घरी आणलात तर वर्गात बसून तो फक्त माउंड बघत राहील. कधी सोडायचं, ते त्याला ठरवू दे. एकदाच, शांतपणे सांगा: "तुला थांबायचं असलं तर घर आहे, तुला चालू ठेवायचं असलं तरी घर आहे." मग तो विषय बंद. दर रविवारी पुन्हा उघडायचा नाही.

सासूबाईंचा अंगारा जरूर पाठवा. बेसबॉलइतका सोवळं पाळणारा खेळ दुसरा नसेल. कित्येक पिचर मैदानात येता-जाता फाउल लाइनवर (हद्दीच्या रेषेवर) पाय पडू देत नाहीत, टुणकन उडी मारून ओलांडतात. उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणणाऱ्या आजीला हे ऐकून केवढं बरं वाटेल! फक्त पुडीबरोबर "रोज लाव, मग बघ" अशी चिठ्ठी नको. किट बॅगच्या कप्प्यात पडून राहू दे.

आणि भेटायला जाच. आधी त्याला विचारून, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. मैदान बघायचा हट्ट नको. तो स्वतःहून म्हणाला, "चला दाखवतो," तर मुकाट्यानं मागे जायचं. तिथे दुपारी हमखास वीज-पाऊस येतो, छत्री घ्या. भाजणी न्या, त्याच्याकडे तवा आहे का ते आधी विचारा, नसेल तर तोही न्या. थालीपीठ थापताना तो शेजारी उभा राहील, काही बोलेल किंवा नाही बोलणार. तुम्ही पुढचं थापायला घ्या. आणि विमानतळावरून घेतलेली भाड्याची गाडी बाबांनाच चालवू द्या, म्हणजे तेवढा वेळ तरी त्यांच्या हातात फोन नसेल.

तुमची,
ताई